एनर्जी ऑडिट कधी करावं? एसी आणि सोलरचा ॲडव्हान्स द्यायच्या आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत विश्रामबागेत वीसेक वर्षांचं स्वतःचं घर, गेल्या वर्षी वर दोन खोल्या चढवल्या. आई-वडील धरून घरात सहा माणसं. मागच्या मे महिन्याचं लाइटबिल अडीच हजारांच्या आत होतं, यंदाचं चार हजारांवर गेलं. वरच्या खोलीत एसी घ्यायचं चाललंय. एक सोलरवाला ‘ऑडिट फुकट करून देतो’ म्हणून मागे लागलाय, दुसरा एक जण त्याच कामाचे साडेतीन हजार मागतोय. घराचं ऑडिट, म्हणजे वीज कुठं किती जाते याची मोजून केलेली तपासणी, खरंच करावं का, आणि करायचं तर आत्ता की पावसाळा झाल्यावर?

माझं रोजचं काम कारखान्यांच्या ऑडिटचं, कुपवाड-मिरजेकडच्या फाउंड्र्या वगैरे. घरांची कामं ओळखीपाळखीतून येतात, पण येत राहतात. मोठ्या वीजखाऊ कारखान्यांना २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यामुळे ऑडिट करावंच लागतं. घराला तशी सक्ती नाही, म्हणून कधी करायचं ते घरवाल्यानंच ठरवायचं असतं. बहुतेक जण ते बिलाचा आकडा बघून ठरवतात आणि तिथंच गल्लत होते.

तुम्ही एक प्रश्न विचारलाय, पण त्यात दोन गुंतलेत. बिल का वाढलं, हा पहिला. एसी आणि सोलर घ्यायचं तर केवढं, हा दुसरा. पहिल्यासाठी सहसा ऑडिटर लागत नाही. एक रात्र, जुनी बिलं आणि फार तर एक चांगला वायरमन पुरतो. दुसऱ्यासाठी लागतो, कारण तिथं लाखभर रुपये अडकणार असतात आणि एकदा गच्चीवर पॅनल चढले की माघार नसते.

आधी पहिला प्रश्न. बिल काढा आणि रुपये बघू नका, युनिट बघा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्यात गेल्या मेचे आणि यंदाच्या मेचे युनिट शेजारी ठेवा. मग मागील आणि चालू रीडिंगच्या तारखा बघा. तीस दिवसांचं बिल आहे की अडतीस दिवसांचं? मधल्या एखाद्या महिन्यात ‘लॉक’ किंवा ‘फॉल्टी’ असा शेरा पडून सरासरीनं बिल आलं होतं का? तसं असेल तर तो राहिलेला वापर पुढच्या बिलात एकदम येतो आणि घरात उगाच फ्रिजवर संशय घेतला जातो. एप्रिल-मेच्या सुमाराला वाढीव सुरक्षा ठेवीचं वेगळं बिलही येतं, तेही काही जण वापराच्या बिलात धरून बसतात.

आता टप्प्यांचं गणित. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतो. पहिल्या शंभरच्या मानानं १०१ ते ३०० या टप्प्यातलं युनिट दुपटीच्या आसपास जातं आणि ३०० च्या वरचं त्याहून महाग. त्यावर वीज शुल्क १६ टक्के. म्हणजे वापर २२० वरून ३४० वर गेला तर युनिट दीडपट होतात, पण बिल दीडपटीला थांबत नाही. तुमच्या आकड्यांवरून मला तरी असंच काहीसं झालेलं दिसतं.

हे शंभर-सव्वाशे युनिट आले कुठून? वर दोन खोल्या म्हणजे निदान दोन पंखे. जुना पंखा ७५ वॅटचा, उन्हाळ्यात दिवसाकाठी पंधरा तास धरला तर महिन्याला एकाचे ३४ युनिट, दोघांचे ६८. दुसरी गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही: मजला चढला की गच्चीवरची टाकीही वर जाते. मोटर मात्र तीच, फुटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची, पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप) तोच. जी टाकी चाळीस मिनिटांत भरायची तिला आता तासापेक्षा जास्त लागतो. एक एचपीची मोटर तासाला साधारण एक युनिट घेते, म्हणजे रोजचा अर्धा तास वाढला तरी महिन्याला पंधरा युनिट गेले. घड्याळ लावून टाकी भरायचा वेळ मोजा. फारच जास्त येत असेल तर फुटव्हॉल्व्ह गळतोय का, मोटर हवा धरतेय का, ते प्लंबरला दाखवा. वर नवा टीव्ही घेतला असेल तर त्याचा सेट-टॉप बॉक्स रिमोटनं बंद केला तरी जवळपास तेवढीच वीज खात बसतो. बेरीज करून बघा. हिशेब जुळला तर गूढ काही नाही. घर मोठं झालं, वापर वाढला.

जुळला नाही तर रात्रीची एक चाचणी करा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ एका युनिटाला किती इम्पल्स, म्हणजे किती लुकलुक, ते छापलेलं असतं, बहुतेक घरच्या मीटरवर ३२०० किंवा १६००. रात्री अकराला दिवे, पंखे, टीव्ही सगळं बटणानं बंद करा, फ्रिजचा प्लग तेवढ्यापुरता काढा, आणि बरोबर एक मिनिट तो दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. ३२०० चा मीटर असेल तर आलेल्या आकड्याला १९ नं गुणा, १६०० चा असेल तर ३८ नं. येईल ते घर ‘झोपलेलं’ असताना खात असलेले वॅट. समजा ३२०० च्या मीटरवर आठ वेळा लुकलुकला, तर दीडशे वॅट झाले. दीडशे म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ते चोवीस तास चालू असतात. महिन्याला १०८ युनिट.

मग डीबीतले, म्हणजे मेन स्विचजवळच्या पेटीतले, एमसीबी (एकेका लाइनचे स्विच) एकेक करून पाडा आणि प्रत्येक वेळी मीटरकडे बघा. कुठला पाडल्यावर लुकलुक थांबते ती लाइन दोषी. माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त वेळा तिथं इन्व्हर्टर निघतो. बॅटरी चार-पाच वर्षांची झाली की ती पूर्ण चार्ज होतच नाही, आणि इन्व्हर्टर बिचारा रात्रंदिवस तिला भरत बसतो. बॅटरीला हात लावून बघा. लाइट गेलेली नसताना ती कोमट लागत असेल तर उत्तर मिळालं. लाइट चार-चार तास जायची तेव्हा घेतलेले हे इन्व्हर्टर. आता लाइट क्वचित जाते, पण त्यांचा खर्च चालूच राहतो.

सगळे एमसीबी आणि मेन स्विच पाडूनही दिवा लुकलुकत असेल तर मीटर ते मेन स्विच या दरम्यान काहीतरी आहे. तिथं स्वतः हात घालायचा नाही, सील असतं. महावितरणकडे लेखी तक्रार द्या. फी भरून मीटर तपासूनही घेता येतो.

एक शक्यता तुमच्या घराला खास लागू होते. वरच्या मजल्याचा मीटर वेगळा घेतलाय का? भाडेकरू ठेवायचा म्हणून बरेच जण घेतात. मग वायरमन जिन्यातला दिवा किंवा मोटर जोडताना फेज एका मीटरची आणि न्यूट्रल दुसऱ्याची घेतो. दिवा लागतो, मोटर चालते, त्यामुळे कोणाला काही कळत नाही. पण आजकालचे मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीतला करंट मोजतात आणि जो जास्त असेल तो धरतात. न्यूट्रलची सरमिसळ झाली की वरच्याचा वापर खालच्याच्या मीटरवरही चढतो, म्हणजे एकच वीज दोनदा मोजली जाते. मीटरवर ‘अर्थ लीकेज’चा दिवा सतत लागलेला दिसला तर आधी हेच तपासा. हे काम वायरमनचं आहे, टाँगटेस्टर (वायरीला बाहेरून पकडून करंट मोजायचं यंत्र) असलेल्या वायरमनचं. नुसता टेस्टर खिशात घालून येणाऱ्याला हे सापडणार नाही.

इथवर एक पैसाही ऑडिटला गेला नाही. आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते ऑडिटची खरी वेळ हीच.

साताऱ्यात गोडोलीला एक निवृत्त शिक्षक आहेत. महिन्याचा सरासरी वापर ३४० युनिट, सोलरवाल्यानं तीन किलोवॅट सांगितलेलं. बिलं भागिले आपल्याकडचं उत्पादन, एवढंच गणित त्यानं केलं होतं. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो, म्हणजे महिन्याला १२०, तीनाचे ३६०. गणितात चूक काहीच नव्हती. पण ३४० हा आकडाच मुळात फुगलेला होता. बोअरच्या पाइपला खाली गळती होती, मोटर रोज तास-दीड तास जास्त चालायची. इन्व्हर्टरची बॅटरी संपलेली. खालच्या मजल्यावर चोकवाल्या जुन्या ट्यूब आणि चार जुने पंखे. हे सगळं दुरुस्त करायला सोलरच्या खर्चाच्या मानानं किरकोळ पैसे लागले, आणि वापर २३० च्या आसपास आला. दोन किलोवॅटमध्ये काम झालं. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये अनुदान आहे, तिसऱ्याला १८,००० आणि त्यापुढे काही नाही. म्हणजे तिसरा किलोवॅट तुमच्या खिशातून जास्त जातो. शिवाय वर्षअखेर शिल्लक उरलेल्या युनिटांचा जो दर मिळतो तो तुम्ही भरता त्या दरापेक्षा बराच कमी असतो. जास्तीचे पॅनल लावून ठेवले की फायदाच, असं धरून चालू नका.

फुकटच्या ऑडिटबद्दल माझं मत यावरून कळलंच असेल. तो माणूस लबाड असतो असं नाही. पण त्याचा पगार पॅनल विकण्यावर चालतो, त्यामुळे ‘आधी फुटव्हॉल्व्ह बदला’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघणं अवघड. त्याच्याकडून गच्चीची मापं आणि सावलीचा अंदाज जरूर घ्या, ते काम ते लोक चांगलं करतात. वापराचा हिशेब मात्र ज्याला तुम्हाला काही विकायचं नाही अशाकडून घ्या.

आता एसी. नव्या वरच्या खोल्यांचं दुखणं बहुतेक वेळा स्लॅबचं असतं. उघडा आरसीसी स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतो, म्हणून पंखा गरम वारा फेकतो. इन्फ्रारेड थर्मामीटरनं दुपारी चारला आणि रात्री दहाला छताचं आतून तापमान घेतलं की हे लगेच समजतं. छत रात्री दहालाही खोलीतल्या हवेपेक्षा बरंच गरम असेल तर आधी गच्चीला पांढरा परावर्तक कोट किंवा चायना मोझॅक (पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा थर) करा, पश्चिमेच्या भिंतीला सावली द्या आणि मग एसीचं टनेज ठरवा. दहा बाय बाराच्या खोलीला दुकानदार दीड टन सांगतो तो तापलेल्या स्लॅबच्या भीतीपोटी. स्लॅब आवरला तर एक टनात भागायची शक्यता बरीच असते. खोलीची उंची, खिडक्या, किती माणसं झोपणार, यावर ते अवलंबून आहे, म्हणून इथं बसून मी आकडा देणार नाही.

स्टारबद्दलही थोडं सांगतो, कारण सांगली आणि मुंबईचं उत्तर वेगळं येतं. लेबलवरचा वार्षिक वापर १६०० तासांवर काढलेला असतो. त्या आकड्याला १६०० नं भागा आणि तुमच्या तासांनी गुणा. समजा एका एसीवर ९६० युनिट लिहिलंय, म्हणजे तासाला सरासरी ०.६. दुसऱ्यावर ७५२, म्हणजे ०.४७. मार्च ते मे रोज रात्री आठ तास चालवला तर ७२० तास होतात, आणि फरक पडतो वर्षाला ९० ते ९५ युनिटांचा. त्याचे रुपये करा आणि दोन मॉडेलच्या किमतीतला फरक त्याच्याशेजारी ठेवा. आपल्याकडे एसी तीन महिनेच चालतो, त्यामुळे जास्त स्टारचा पैसा वसूल व्हायला वेळ लागतो. दुकानात एसी दिवसभर चालणार असेल तर मी बेधडक पाच स्टार सांगेन. लेबलवरचं वर्षही बघा. निकष दर काही वर्षांनी कडक होतात, जुन्या साठ्यातला पाच स्टार नव्या निकषात पाच राहत नाही.

आत्ता की नंतर, याचं उत्तर तक्रारीच्या ऋतूवर आहे. उकाड्याचं ऑडिट उकाड्यातच करावं. तुमच्या स्लॅबची मापं घ्यायची तर मृग लागायच्या आत घ्या, पावसानं गच्ची भिजली की ती मापं कुचकामी. गिझरचा प्रश्न डिसेंबरात दिसतो, आणि साताऱ्याकडे सांगलीपेक्षा ठळक. पंचवीस लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला साधारण एक युनिट लागतं. घरात सहा माणसं असतील तर थंडीत तोच सगळ्यात मोठा खर्च होतो. वायरिंगमधली करंटची गळती मात्र ऐन पावसाळ्यात पकडायची असते. कोरड्या दिवसांत भिंत वाळते आणि मेगरवर (वायरीचं इन्सुलेशन तपासायच्या यंत्रावर) आकडे छान येतात.

हे शेवटचं सांगलीकरांनी जरा गांभीर्यानं घ्यावं. विश्रामबाग उंचावर आहे, तुम्हाला कदाचित लागू नसेल. पण २०१९ आणि २०२१ च्या पुरात गावभागात, हरिपूरकडे ज्या घरांत पाणी शिरलं, तिथं बऱ्याच ठिकाणी बोर्ड बदलले आणि भिंतीतल्या पाइपात वायरी तशाच ठेवल्या, ‘वाळल्या की चालतील’ म्हणून. अशाच एका घरी बिल जास्त येतं म्हणून मला बोलावलं होतं. मोरीच्या नळाला हात लावला की मुंग्या येतात असं घरातल्या आजी सहज बोलता बोलता म्हणाल्या, तेव्हा ऑडिट बाजूला ठेवलं. ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) लावला तर तो टिकेचना, लगेच पडायचा. वायरमननं पडणारा आरसीसीबी काढून टाका म्हटलं होतं. काढायची होती ती वायर. पूर येऊन गेलेल्या घरात मुंग्या येत असतील तर युनिटांचा विचार नंतर करा, आधी मेन पाडा आणि वायरिंग तपासून घ्या.

ऑडिट करू नये अशाही वेळा असतात. वापर महिन्याला सव्वाशे युनिटांच्या आत असेल तर पैसे देऊन करण्यात अर्थ नाही. वीस टक्के वाचले तरी पंचवीसच युनिट, त्यात साडेतीन हजार कधी सुटणार? तुमच्यासारख्या ३४० च्या घरात वीस टक्के म्हणजे सत्तरच्या आसपास युनिट होतात, आणि तेही वरच्या महाग टप्प्यांतले. सगळे आकार धरून तिथलं युनिट दहा रुपयांच्या पुढे जातं, म्हणजे पाच-सहा महिन्यांत फी निघते. नव्या घरात राहायला येऊन सहाच महिने झाले असतील तरी थांबावं, एक उन्हाळा आणि एक हिवाळा बिलावर उतरू द्यावा. भाड्याच्या घरात पंखे आणि फ्रिज एवढंच बघावं, ते आपल्याबरोबर जातात.

परदेशी व्हिडिओंतलं, दाराला मोठा पंखा लावून घरातून हवा कुठून गळते ते शोधणं आपल्याकडे सहसा लागत नाही. त्यांचा खर्च घर गरम ठेवण्यावर होतो, आपण खिडक्या उघड्या टाकून झोपतो. एसीच्या खोलीपुरतं दाराखालच्या फटीला रबर लावलं की झालं.

साडेतीन हजारवाल्याला होकार द्यायच्या आधी फोनवर विचारा की येताना काय काय आणणार. टाँगटेस्टर, प्लगमध्ये लावायचा युनिट मीटर आणि मेगर ही नावं यायला हवीत. फ्रिजचा चोवीस तासांचा वापर मोजणार का, मोटर मोजणार का, तेही विचारा. यायच्या आधी बारा महिन्यांची बिलं मागतो तो माणूस बरा. उपकरणांची यादी करून त्यांवर छापलेले वॅट गुणून देणारा असेल तर ते तुम्ही स्वतः करू शकता. आणि अहवालात कुठलं काम आधी, त्याला खर्च किती, तो किती महिन्यांत सुटतो, हे लिहून मिळेल असं ठरवून घ्या.

तुमच्यापुरतं बोलायचं तर या आठवड्यात रात्रीची चाचणी करा, टाकीचा वेळ मोजा, स्लॅब उन्हाचा आहे तोवर ऑडिटरला बोलवा, आणि तोपर्यंत एसीचा ॲडव्हान्स देऊ नका, सोलरच्या अर्जावर किलोवॅटही लिहू नका. मिनिटाला किती लुकलुक आली, मीटरवर इम्पल्सचा आकडा कोणता आहे आणि वरच्या मजल्याला वेगळा मीटर आहे का, एवढं कळवलंत तर वायरमन आधी की ऑडिटर आधी, हे मी सांगू शकेन.